खमेलनित्स्कीचं एक शिल्प उतरवलं, दुसरा पुतळा ठेवला: असं का?

2024 च्या एप्रिल अखेरीस कीव्हमध्ये क्रेन लावून ग्रॅनाइटचं एक मोठं शिल्प उतरवायला सुरुवात झाली. द्निप्रो नदीकाठच्या टेकडीवर सोव्हिएत काळात, 1982 साली, एक भव्य कमान उभारली होती. तिच्याखालचं हे शिल्प. 1654 साली पेरेयास्लाव इथे कोसॅकांनी, म्हणजे युक्रेनच्या सीमेवरच्या सशस्त्र लढवय्यांनी, मॉस्कोच्या झारची छत्रछाया पत्करली, तो प्रसंग त्यात कोरलेला होता आणि त्यातली मुख्य व्यक्ती होती त्यांचा पुढारी बोहदान खमेलनित्स्की. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर, सेंट सोफिया कॅथेड्रलसमोरच्या चौकात, याच खमेलनित्स्कीचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. तो मात्र जिथल्या तिथे आहे.

बाहेरून पाहणाऱ्याचा इथे गोंधळ उडतो. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने सर्वंकष आक्रमण केल्यापासून युक्रेनमध्ये रशियन साम्राज्याची आठवण करून देणारे पुतळे एकामागून एक काढले गेले. ओडेसातली सम्राज्ञी कॅथरीन डिसेंबर 2022 मध्ये गेली. कीव्हमधला बोल्शेविक सेनानी श्चोर्स डिसेंबर 2023 मध्ये गेला. पुश्किनचे पुतळे तर गावोगावी उतरले. मग ज्याने युक्रेन रशियाला जोडला असं रशिया आजही सांगतो, तो माणूस राजधानीच्या सर्वांत मानाच्या चौकात कसा? फेब्रुवारी 2024 मध्ये एका अमेरिकन मुलाखतकाराशी बोलताना पुतिन यांनी खमेलनित्स्कीच्या पत्रांच्या प्रती असलेली फाइलच त्याच्या हातात दिली होती. युक्रेनवरचा आपला हक्क जुना आहे, असं त्यांना त्यातून दाखवायचं होतं.

त्यात तिसरी बाजू आहे ज्यूंची. त्यांच्या स्मृतीत हा माणूस हजारो निरपराधांच्या कत्तलीशी जोडलेला आहे.

हे नीट समजून घ्यायचं तर सतराव्या शतकातला माणूस आणि एकोणिसाव्या शतकातला पुतळा या दोन गोष्टी वेगवेगळ्या धराव्या लागतात. आधी माणूस पाहू.

कोसॅक कोण, हेटमन कोण

1600 च्या सुमारास आजच्या युक्रेनचा मोठा भाग पोलंड आणि लिथुआनियाच्या संयुक्त राज्यात होता. जमीनदार बहुतेक पोलिश, किंवा पोलिश रीतिभाती आणि कॅथलिक धर्म स्वीकारलेले. शेतकरी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि वेठीला बांधलेले. दक्षिणेला अफाट गवताळ माळरान, त्यापलीकडे क्रिमियाचे तातार. ते ऑटोमन सुलतानाचे मांडलिक. त्यांच्या टोळ्या धाडी घालून माणसं पकडून न्यायच्या आणि गुलामांच्या बाजारात विकायच्या.

या धोक्याच्या सीमेवर वेठीतून पळालेली कुळं, रोजगार शोधणारे शिपाई आणि साहसाची ओढ असलेले लोक जमत गेले. शिकार, मासेमारी, लूट आणि लढाई यांवर जगणारे हे सशस्त्र लोक म्हणजे कोसॅक. द्निप्रोच्या खडकाळ पात्राखालच्या बेटांवर त्यांची तटबंदीची छावणी असे. तिला सिच म्हणत. त्यांचा निवडून दिलेला सरसेनापती म्हणजे हेटमन. त्याच्या अधिकाराची खूण म्हणजे बुलावा, हातात धरायची छोटी गदा.

पोलंडच्या राजाला लढायला कोसॅक हवे असत, पण ते फार वाढलेले नको असत. म्हणून एक नोंदवही ठेवलेली होती. त्या वहीत ज्याचं नाव त्याला पगार, करमाफी आणि मान. ज्याचं नाव नाही त्याला जमीनदार पुन्हा कूळ म्हणून खेचून नेऊ शकायचा. 1638 साली पोलंडच्या संसदेने या वहीत 6,000 नावांची मर्यादा घातली आणि स्वतःचे वरिष्ठ अधिकारी निवडण्याचा हक्कही काढून घेतला. हा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक तहात भांडण याच आकड्यावर येतं.

जहागिरीचं भांडण

खमेलनित्स्कीचा जन्म 1595 च्या आसपासचा. तो अशिक्षित बंडखोर नव्हता. ल्वीव्हला जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या, शाळेत शिकला होता. 1620 मध्ये त्सेत्सोराच्या लढाईत त्याचे वडील पोलंडच्या बाजूने लढताना मारले गेले आणि तो स्वतः तुर्कांच्या कैदेत पडला. दोनेक वर्षांनी सुटून आला तो तिकडची भाषा आणि माणसं ओळखूनच. नंतर चिहिरिनच्या पलटणीत अधिकारी झाला. सुबोतीव गावी त्याची वतनवाडी होती. पन्नाशीपर्यंत हा माणूस राजाशी एकनिष्ठ, बऱ्यापैकी सुखवस्तू अधिकारी होता.

मग चाप्लिन्स्की नावाच्या स्थानिक पोलिश अधिकाऱ्याने सुबोतीववर कब्जा केला, मालमत्ता लुटली आणि मुलाला मारहाण केली. खमेलनित्स्कीने कोर्टात दाद मागितली, राजापर्यंत गेला. न्याय मिळाला नाही. तो सिचकडे पळाला आणि 1648 च्या सुरुवातीला कोसॅकांनी त्याला हेटमन निवडलं. त्याने लगोलग एक अवघड गोष्ट साधली. ज्या क्रिमियाच्या तातारांशी कोसॅकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं, त्यांच्याच खानाशी त्याने युती केली. घोडदळ तातारांचं, पायदळ आणि तोफा कोसॅकांच्या. मे महिन्यात झोव्ती वोदी आणि कोरसून, सप्टेंबरात पिल्याव्त्सी. एकाच वर्षात पोलंडच्या फौजांचा तीनदा धुव्वा उडाला. त्या वर्षीच्या नाताळात तो कीव्हमध्ये शिरला, तेव्हा जेरुसलेमच्या ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखाने त्याचं स्वागत केलं. एका माणसाच्या वाड्यावरून पेटलेलं भांडण आता एका समाजाच्या मुक्तीचं युद्ध झालं होतं.

युतीची किंमत मात्र शेतकऱ्यांनी मोजली. तातारांना मोबदला हवा होता आणि तो त्यांनी माणसांच्या रूपात वसूल केला. ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चाललं होतं, त्याच युक्रेनियन खेड्यांतली माणसं गुलाम म्हणून बांधून नेली गेली.

1649 मध्ये पोलंडशी झालेल्या झ्बोरीव तहात नोंदवहीचा आकडा 40,000 वर गेला. 1651 मध्ये बेरेस्तेच्को इथे तातार ऐन लढाईत मैदान सोडून गेले आणि कोसॅकांचा मोठा पराभव झाला. एकट्याच्या बळावर टिकता येणार नाही, हे उघड झालं. नवा आधार हवा होता. तो मॉस्कोकडून आला.

पेरेयास्लावच्या चर्चमधला तो तास

जानेवारी 1654. झारचा दूत वासिली बुतुर्लिन पेरेयास्लावला आलेला. कोसॅकांनी झारची छत्रछाया घ्यायची ठरवली होती आणि सगळे शपथ घ्यायला चर्चमध्ये जमले. तिथे खमेलनित्स्कीने दूताला सांगितलं: आम्ही झारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊ, पण आधी तुम्ही झारच्या वतीने शपथ घ्या की आम्हाला पोलंडच्या हाती देणार नाही आणि आमचे हक्क मोडणार नाही. पोलंडचा राजा अशी शपथ घेत असे, त्यामुळे त्याला यात वावगं काही वाटलं नाही.

बुतुर्लिनने साफ नकार दिला. झार आपल्या प्रजेपुढे शपथ घेत नाही, त्याचा शब्द पुरेसा आहे, हे त्याचं उत्तर. खमेलनित्स्की दूताला चर्चमध्येच थांबवून बाहेर पडला आणि आपल्या कर्नलांशी सल्लामसलत करायला गेला. बराच वेळ गेला. मग परत येऊन त्याने एकतर्फी शपथ घेतली.

माझ्या मते युक्रेन आणि रशिया यांच्यातला साडेतीनशे वर्षांचा वाद या एका प्रसंगात दिसतो. अडलेला शेतकरी पैसे फेडले की जमीन परत मिळेल या तोंडी बोलीवर सावकाराला खरेदीखत लिहून देतो. नातवंडं भांडायला जातात तेव्हा बोली ऐकलेला कुणी उरलेला नसतो आणि तलाठ्याकडे फक्त खरेदीखत असतं. पेरेयास्लावचं तसंच झालं. कोसॅकांच्या लेखी तो संरक्षणाच्या बदल्यात निष्ठेचा करार होता, अटी मोडल्या तर मोडणारा. मॉस्कोच्या लेखी ते कायमचं प्रजा होणं होतं. त्याच वर्षी मॉस्कोत ज्या कलमांना मंजुरी मिळाली त्यांत नोंदवहीचा आकडा 60,000 झाला आणि हेटमन निवडण्याचा कोसॅकांचा हक्क मान्य झाला. त्या कलमांच्या मूळ प्रती मात्र आज शिल्लक नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजू उरलेल्या नकलांवर भांडतात.

खमेलनित्स्कीला हे फार लवकर कळलं. 1656 मध्ये मॉस्कोने विल्नियस इथे पोलंडशी परस्पर तह केला आणि कोसॅकांच्या प्रतिनिधींना बोलणीत बसूही दिलं नाही. तो संतापला आणि झारच्या इच्छेविरुद्ध स्वीडन आणि ट्रान्सिल्व्हेनियाशी संधान बांधायला लागला. पण 1657 च्या उन्हाळ्यात चिहिरिनला त्याचा मृत्यू झाला. दहा वर्षांनी, 1667 च्या आंद्रुसोवो तहात, मॉस्को आणि पोलंडने द्निप्रोची रेघ ओढून युक्रेन वाटून घेतलं. 1764 मध्ये कॅथरीनने हेटमनपद रद्द केलं. 1775 मध्ये तिच्या फौजेने सिच जमीनदोस्त केली.

म्हणून 'त्याने देश रशियाला देऊन टाकला' हे वाक्य मला अपुरं वाटतं. त्याने वाईट पर्यायांतला एक निवडला आणि त्यातून बाहेर पडायची धडपड करताना तो गेला. पण युक्रेनियन लोकांनी त्याला सहज माफ केलं असंही नाही. त्यांचे राष्ट्रकवी तारास शेवचेन्को यांच्या एका कवितेत मायभूमी बोहदानला म्हणते, आधी कळलं असतं तर तुला पाळण्यातच संपवलं असतं. ही कविता 1843 ची, म्हणजे आजच्या युद्धाच्या कितीतरी आधीची.

नेमिरीव

आता त्या भागाकडे येतो, जो बहुतेक गौरवगाथांत एका ओळीत उरकला जातो.

2022 पर्यंत महाराष्ट्रातली बरीच मुलं डॉक्टर व्हायला युक्रेनला जात. त्यांच्या आईवडिलांना विनित्सा हे नाव चांगलं ठाऊक आहे. नेमिरीव हे त्याच विनित्सा प्रांतातलं छोटं शहर. जून 1648 मध्ये तिथे आसपासच्या खेड्यांतले ज्यू आश्रयाला जमले होते, कारण शहराला तट होता. नाथान हॅनोव्हर या ज्यू विद्वानाने पाच वर्षांनी, 1653 साली, व्हेनिसमध्ये छापलेल्या वृत्तांतात पुढचं लिहून ठेवलं आहे. कोसॅक आले ते पोलिश निशाणं घेऊन. तटावरच्या लोकांना वाटलं, मदतीची फौज आली. दरवाजे उघडले गेले. त्यानंतर शहरात जे झालं त्यात पुरुष, बायका, मुलं कुणी सुटलं नाही. ज्यू पंचांगातला तो सिवान महिन्याचा विसावा दिवस. 1650 मध्ये पोलंडमधल्या ज्यूंच्या मध्यवर्ती परिषदेने तो दिवस उपवासाचा आणि शोकाचा म्हणून ठरवला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो पाळला गेला.

नेमिरीव एकटं नव्हतं. तुल्चिनसारख्या इतर शहरांतही हेच घडलं. किती माणसं गेली? जुन्या वृत्तांतांत लाखभर आणि त्याहून मोठे आकडे आहेत. 2003 साली इतिहासकार शाऊल स्टॅम्फर यांनी त्या काळची लोकसंख्या नव्याने मोजली. त्यांच्या अंदाजाने त्या प्रदेशात तेव्हा सुमारे 40,000 ज्यू होते आणि त्यांपैकी 18,000 ते 20,000 मेले. कत्तलीत, रोगराईत, उपासमारीत. आकडा जुन्यापेक्षा लहान आहे म्हणून कुणी सुटकेचा श्वास टाकू नये. याचा अर्थ जवळजवळ निम्मा समाज संपला. अनेकांना तातारांनी पकडून नेलं. इस्तंबूलच्या ज्यूंनी युरोपभरातून वर्गणी जमवून त्यांतल्या बऱ्याच जणांना सोडवलं.

ज्यूंवरच एवढा राग का, हा प्रश्न टाळून चालणार नाही. मोठे पोलिश सरदार स्वतः लांब राहत आणि आपल्या जहागिरीतली वसुली, पाणचक्की, दारूचा गुत्ता हे सगळं मक्त्याने देत. ज्यूंना बरेचसे इतर व्यवसाय बंद होते, म्हणून हे मक्ते पुष्कळदा त्यांच्याकडे जात. नफा सरदाराच्या तिजोरीत जायचा आणि शेतकऱ्याला दारात रोज दिसायचा तो मक्तेदार. रागाचं कारण यातून कळतं. पण मारले गेलेल्यांत शिंपी, सोनार, विद्यार्थी, म्हातारी माणसं होती, ज्यांचा कुठल्याही मक्त्याशी काही संबंध नव्हता. कारण कळलं म्हणून कत्तल क्षम्य होत नाही.

'पण त्याने स्वतः हुकूम दिला होता का?'

खमेलनित्स्कीचे समर्थक हा मुद्दा हमखास काढतात. नेमिरीवला तो हजर नव्हता, त्या दिवसांत त्याचा तळ बिला त्सेर्कवाजवळ होता. शेतकऱ्यांच्या टोळ्या त्याच्या पूर्ण ताब्यात नव्हत्या, हेही खरं. समोरच्या बाजूनेही कसर ठेवली नाही. येरेमी विश्नोवेत्स्की हा पोलिश सरदार बंडखोर गावांवर सूड उगवत फिरला, नेमिरीवमध्येही त्याने लोकांना हाल करून मारलं.

हे सगळं मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. ज्यांनी कत्तली केल्या त्यांतले अनेक जण त्याच्याच सैन्यातले होते आणि ते त्याच्या विजयाचे वाटेकरी राहिले. दुसरी गोष्ट कागदावर आहे. 1649 च्या झ्बोरीव तहात कोसॅकांच्या ताब्यातल्या प्रदेशात ज्यूंनी आणि जेझुइटांनी राहू नये, असं कलम आहे. तो तह त्याने स्वतः, डोकं शांत ठेवून, टेबलावर बसून केलेला होता. तेव्हा त्याला सगळ्या दोषातून सोडवणं मला पटत नाही.

'त्या काळी सगळेच असे वागत' हा युक्तिवादही अर्धाच चालतो. एखाद्या माणसाला त्याच्या काळात ठेवून तोलावं, हे बरोबर. पण चौकातला पुतळा आजच्या लोकांसाठी असतो. कुणाला मान द्यायचा हा निर्णय आज होतो, म्हणून त्याचं उत्तरही आजच द्यावं लागतं.

पुतळा कुणी उभारला

इथून दुसरी गोष्ट सुरू होते. माणूस जाऊन दोनशे वर्षं झाली होती. कीव्ह रशियन साम्राज्यात होतं. 1863 मध्ये पोलिश लोकांनी झारविरुद्ध उठाव केला आणि तो चिरडला गेला. कीव्हच्या आसपासचे बडे जमीनदार तेव्हाही बहुतेक पोलिशच होते. अशा वातावरणात मिखाइलो युझेफोविच या सरकारी वर्तुळातल्या वजनदार गृहस्थाने खमेलनित्स्कीच्या स्मारकाची कल्पना उचलून धरली. उद्देश सरळ होता: हा प्रदेश पोलंडचा कधीच नव्हता आणि तो स्वखुशीने रशियात आला, हे दगडात आणि ब्राँझमध्ये लिहायचं.

हाच युझेफोविच युक्रेनियन भाषेतल्या छपाईविरुद्ध सरकारकडे तक्रारी करत होता. त्यातूनच 1876 चा एम्सचा हुकूम निघाला. युक्रेनियन भाषेतली पुस्तकं छापणं, बाहेरून आणणं, त्या भाषेत नाटकं करणं, सगळ्यावर बंदी. युक्रेनियन नायकाचा पुतळा आणि युक्रेनियन भाषेवरची बंदी एकाच माणसाच्या खटपटीतून आली. साम्राज्याला बोहदान हवा होता, पण त्याची माणसं आपल्या भाषेत बोललेली नको होती.

शिल्पकार होता मिखाइल मिकेशिन. नोव्हगोरोदमधलं 'रशियाची हजार वर्षं' हे प्रचंड स्मारक त्याचंच. कीव्हसाठी त्याने केलेला पहिला आराखडा पाहिला तर आज अंगावर काटा येतो. त्यात घोड्याच्या टापांखाली एक पोलिश उमराव, एक जेझुइट आणि एक ज्यू चिरडलेले दाखवले होते. खाली एक लोकगायक आणि त्याचं गाणं ऐकणारे साम्राज्यातल्या वेगवेगळ्या प्रदेशांचे लोक. झ्बोरीवच्या कलमातले ज्यू आणि जेझुइट इथे पुन्हा एकत्र आलेले दिसतात, या वेळी टापांखाली.

हा आराखडा पूर्ण झाला नाही. अशा आकृत्यांनी शहरात तेढ वाढेल ही भीती होती आणि जमलेल्या वर्गणीत एवढं सगळं बसतही नव्हतं. आकृत्या गळाल्या, फक्त घोडेस्वार उरला. ब्राँझ नौदलाच्या जुन्या साठ्यातून मिळालं, ओतकाम सेंट पीटर्सबर्गला झालं. पुतळा कीव्हला पोहोचला तर चौथऱ्याला पैसे नव्हते. काही वर्षं तो पोलीस ठाण्याच्या आवारात पडून राहिला. अखेर उरलासुरला ग्रॅनाइट मिळवून चौथरा बांधला गेला आणि जुलै 1888 मध्ये, रूसच्या बाप्तिस्म्याच्या, म्हणजे कीव्हच्या जुन्या राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याच्या, 900 व्या वर्षाच्या सोहळ्यात, अनावरण झालं. चौथऱ्यावर अक्षरं होती: 'बोहदान खमेलनित्स्कीस, एकसंध अविभाज्य रशियाकडून.'

घोडा मागच्या दोन पायांच्या बळावर थबकलेला आहे आणि स्वाराने लगाम खेचला आहे. डावीकडे नजर टाकली तर कमरेला तलवार; उजवा हात लांब पसरलेला आणि त्यात बुलावा. ती बुलावा साधारण ईशान्येकडे रोखलेली आहे. साम्राज्याच्या काळात लोकांना त्यात मॉस्कोकडे नेणारा हात दिसायचा. आज तीच दिशा पाहून अनेक युक्रेनियनांना वाटतं की बोहदान शत्रूवर गदा उगारून उभा आहे.

'मग झारने उभारलेला पुतळा ठेवायचा कशाला?'

एप्रिल 2023 मध्ये युक्रेनने रशियन साम्राज्याच्या धोरणाचं उदात्तीकरण करणाऱ्या खुणा हटवण्याचा कायदा केला. झारच्या मालकीचा शिक्का मारून उभा केलेला हा पुतळा त्या कक्षेत येतो, असं कुणी म्हटलं तर त्याला तर्क नाही असं म्हणता येणार नाही. तरी तो टिकला. त्याचं एक कारण, चौथऱ्यावरची झारची अक्षरं केव्हाच गेली आहेत आणि तिथे आता फक्त नाव आणि 1888 हे साल आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा चौक लोकांनी आपल्या हाताने पुन्हा पुन्हा वेगळ्या कामी लावला. 22 जानेवारी 1919 रोजी पूर्व आणि पश्चिम युक्रेनच्या दोन प्रजासत्ताकांनी एकत्र येण्याची घोषणा याच सोफिया चौकात केली. डिसेंबर 2018 मध्ये मॉस्कोपासून स्वतंत्र अशा युक्रेनियन ऑर्थोडॉक्स चर्चची स्थापना झाली, तेव्हाही गर्दी इथेच जमली होती. 2022 मध्ये जळालेले रशियन रणगाडे मांडले गेले ते इथून दिसणाऱ्या मिखाइलिव्स्का चौकात.

सोव्हिएत सत्तेनेही त्याला वापरून पाहिलं. सुरुवातीला तिच्या लेखी तो शेतकऱ्यांना दगा देणारा सरंजामदार होता. महायुद्धात गरज पडली तेव्हा, ऑक्टोबर 1943 मध्ये, त्याच्या नावाचं लष्करी पदक निघालं. 1954 मध्ये पेरेयास्लावची तीनशे वर्षं साजरी करताना प्रोस्कुरीव शहराला त्याचं नाव दिलं गेलं आणि 'दोन भावांचं पुनर्मीलन' ही सरकारी भाषा ठरली. कमानीखालचं शिल्प या भाषेचं अपत्य होतं. ते फक्त बोहदानचं नव्हतं, ते झारच्या दूतासमोरच्या शपथेचं होतं, म्हणून ते उतरलं. चौकातला घोडेस्वार एकटा आहे, त्याच्यासमोर बुतुर्लिन नाही. माझ्या मते हा फरक खरा आहे आणि कीव्हने तो बरोबर ओळखला.

माझेपाशी तुलना

काही जण विचारतात, रशियाविरुद्ध लढलेला कोसॅक नायक हवा असेल तर इव्हान माझेपा आहेच की. 1708 मध्ये त्याने झार पीटरची साथ सोडून स्वीडनच्या राजाशी हातमिळवणी केली. रशियन चर्चने त्याला बहिष्कृत केलं, त्याची राजधानी बातुरिन जाळली गेली आणि 1709 मध्ये पोल्तावाला तो हरला. 2016 मध्ये त्याच पोल्तावात त्याचा पुतळा उभा राहिला. रिव्निया हे युक्रेनचं चलन. त्याच्या 5 च्या नाण्यावर खमेलनित्स्की आहे, 10 च्या नाण्यावर माझेपा. एकाने झारशी करार केला, दुसऱ्याने मोडला. देशाने दोघांनाही खिशात ठेवलं आहे, कारण दोघांच्या काळात कोसॅकांचं स्वतःचं राज्य होतं आणि आजचं युक्रेन आपली वंशावळ तिथून मोजतं.

ज्यू नागरिकांचं काय?

राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाची आणि सलामीची जबाबदारी असलेल्या लष्करी ब्रिगेडला खमेलनित्स्कीचं नाव आहे, आणि 2019 पासून ते राष्ट्राध्यक्ष आहेत ज्यू घरात जन्मलेले व्होलोदिमिर झेलेन्स्की. यावरून एवढं नक्की दिसतं की 1648 ची रेघ आजच्या युक्रेनमध्ये ज्यू आणि इतर यांच्यामधून जात नाही. पण यावरून जुना हिशेब मिटला असं मला म्हणता येत नाही.

पुतळा पाडावा असं माझं मत नाही. पाडला तर झारचा बोहदान जाईल, त्याबरोबर 1919 चा चौकही जाईल आणि नेमिरीवच्या लोकांना त्यातून काहीच मिळणार नाही. माझी मागणी वेगळी आहे. चौथऱ्यावर नाव आणि साल एवढंच पुरेसं नाही. तिथे ठळक अक्षरांत लिहावं की हा पुतळा कुणी आणि कशासाठी उभारला, त्याचा मूळ आराखडा काय होता, आणि या माणसाच्या युद्धात नेमिरीव, तुल्चिन आणि इतर गावांतले हजारो ज्यू मारले गेले. युक्रेनियन आणि ज्यू इतिहासकारांनी एकत्र बसून तो मजकूर ठरवावा.

युद्ध चालू असताना हे काढायची काय गरज, शत्रूच्या हाती कोलीत मिळेल, असा आक्षेप येईल. रशियाचा प्रचार अशा पाटीची वाट पाहत थांबलेला नाही. उलट आपल्या नायकाविषयी पूर्ण खरं लिहू शकणारा देश आणि सरकारी भाषेपलीकडे एक शब्द न काढणारा देश यांतला फरक त्या पाटीने दिसेल.

कीव्हला हे जमणार नाही असंही नाही. 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत याच शहरातल्या बाबिन यार घळईत नाझींनी 33,771 ज्यूंना गोळ्या घातल्या. सोव्हिएत सरकारने तिथे 1976 मध्ये स्मारक बांधलं, त्यावर 'सोव्हिएत नागरिक' असं लिहिलं, ज्यू हा शब्द नव्हता. 1991 मध्ये, स्वतंत्र होत असतानाच, बाबिन यारमध्येच मेनोराचं, म्हणजे ज्यूंच्या सात शाखांच्या दीपदानाचं, स्मारक उभं राहिलं. जुनं स्मारक न पाडता.